हिमगौरी आणि तारेचं कुंपण

कोणत्याही छावणीत राहिला असाल, तर ‘आइसबर्ग’ गुलाब तुम्ही पाहिलेला आहे, नाव माहीत नसेल इतकंच. पांढऱ्याशुभ्र फुलांचे झुपके, काटे कमी, मंद सुगंध, आणि एक बहर ओसरला की दुसरा तयार.

राइमर कोर्डेस यांनी तो 1958 मध्ये जर्मनीत तयार केला. तिकडे त्याचं नाव ‘श्नीविट्शेन’, म्हणजे आपली हिमगौरी. मला मात्र त्यांच्या वडिलांची हकिगत अधिक भिडते. 1914 मध्ये विल्हेल्म कोर्डेस इंग्लंडमध्ये गुलाबांची रोपवाटिका चालवत होते. महायुद्ध पेटलं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांची रवानगी आइल ऑफ मॅन बेटावरच्या स्थानबद्धांच्या छावणीत झाली. रणांगणावर न गेलेला माणूस युद्ध संपेपर्यंत तारेच्या कुंपणाआड! तिथे त्यांनी गुलाबांच्या संकराचा अभ्यास केला. बंदिवासाच्या गोष्टी आपण फौजी पुष्कळ वाचतो, पण त्या बहुधा पलायनाच्या असतात.

पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण मात्र जर्मनीचा नाही. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. चिनी गुलाबात बहर थांबवणारं जनुक निकामी झालेलं असतं, म्हणून तो फुलतच राहतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे गुलाब युरोपात पोचले. जहाजं कलकत्त्यावरून जात, म्हणून फ्रेंच त्यांना ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. त्याच काळात, 1787 मध्ये, हुगळीपलीकडे शिबपूरला वनस्पती उद्यान उभं राहिलं. ते उभारणारा रॉबर्ट किड कंपनीच्या फौजेतला अधिकारी होता. त्याला शोभेची बाग नको होती. 1770 च्या दुष्काळाची आठवण ताजी होती आणि माणसांच्या पोटाला लागणारी झाडं त्याला हवी होती.

आता लागवडीचं. मैदानी भागात ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी करा, पण हलक्या हाताने. संकरित चहा-गुलाबासारखं झाड खाली आणू नका, वरचा तिसरा हिस्सा पुरे. किमान सहा तास ऊन हवं. सुकलेला झुपका लगेच कापा. फळ धरलं की झाड बी पिकवण्यात गुंततं आणि पुढचा बहर लांबतो. छाटलेल्या फांद्यांतली पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब कांडी कुंडीत रोवा. क्वार्टर सोडताना मूळ झाड जागेवरच राहतं, कुंडी मात्र सामानाच्या ट्रकमध्ये चढते.