बुधवारची बैठक

१९०२ साली व्हिएन्ना शहरात डॉ. सिग्मुंड फ्रॉइड यांनी चार डॉक्टरांना आपल्या घरी चर्चेस पाचारण केले. त्यांत आल्फ्रेड आडलर होते. दर बुधवारी रात्री निबंधवाचन, मग कॉफी, सिगार आणि वाद. शाळकरी मुलांच्या आत्महत्येचा विषयही तेथे १९१० साली निघाला. मनुष्यास कामवासना चालविते की न्यूनतेवर मात करण्याची धडपड, हा वाद मात्र मिटला नाही. मनाच्या गाठी सोडविणाऱ्यांचीच ही गत! १९११ साली आडलर काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले. १९०६ पासून ओटो रांक यांनी लिहिलेली बैठकींची टिपणे १९३८ साली, नाझी अमलामुळे देशत्याग करताना, फ्रॉइड यांनी पाउल फेडर्न यांच्या स्वाधीन केली. त्यांत आडलर यांचे आक्षेपही सुरक्षित राहिले.