यूटा विद्यापीठ : संगणकीय ॲनिमेशनचे शिक्षण

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील विद्यापीठ. संगणकीय ॲनिमेशन व व्हिज्युअल इफेक्ट्स यांची आजची मूलभूत तंत्रे बऱ्याच अंशी येथील संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून आली. संगणकशास्त्र विभागाची उभारणी डेव्हिड एव्हान्स यांनी केली. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड त्यांना येऊन मिळाले. पैसा मुख्यतः संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेचा होता, चित्रपटसृष्टीचा नव्हे.

बहुकोनांनी बनलेली वस्तू पडद्यावर गुळगुळीत कशी दिसावी, हा येथील एक कळीचा प्रश्न. आन्री गूरो यांनी १९७१ मध्ये शिरोबिंदूंवरील प्रकाशाची तीव्रता मधल्या भागात क्रमाने पसरविण्याची रीत मांडली. त्यासाठी त्यांनी पत्नीच्या चेहऱ्यावर रेषा आखून मापे घेतली होती. बुई तुओंग फाँग यांनी पृष्ठाला लंब असलेली दिशा प्रत्येक बिंदूला नव्याने काढली. त्यामुळे चकाकीही नीट दिसू लागली.

एड कॅटमल व फ्रेड पार्क यांनी १९७२ मध्ये कॅटमल यांच्या डाव्या हाताच्या साच्यावरून हलत्या हाताचा लघुपट केला. त्यातील दृश्ये ‘फ्यूचरवर्ल्ड’ (१९७६) या चित्रपटात वापरली गेली. कॅटमल यांच्या १९७४ च्या प्रबंधातील, पृष्ठावर चित्र चढविण्याचे तंत्र मात्र त्या हाताहून अधिक महत्त्वाचे ठरले. मार्टिन न्यूएल यांचे १९७५ चे चहाच्या किटलीचे संगणकीय प्रारूप अशा तंत्रांच्या चाचणीसाठी अजूनही वापरतात.

कॅटमल पुढे पिक्सारचे सहसंस्थापक झाले. २०१९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना पॅट हॅनरॅहन यांच्यासह मिळाला.