भीमाची गदा, लंधौरचा गुर्ज आणि भाच्याची तलवार

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात शिकणारा माझा भाचा वसमतला आला, तो एक कागद घेऊनच. कागदावर तलवारीचं चित्र होतं आणि मापं लिहिलेली होती. पातं ५ फूट लांब, १० इंच रुंद. ‘फायनल फँटसी ७’ हा जपानी व्हिडिओ गेम १९९७ साली आला. त्यातल्या क्लाउड नावाच्या नायकाची ही तलवार. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये तरुण मुलं अशा पात्रांची वेशभूषा करून जातात. आमच्या पोराला क्लाउड व्हायचं होतं आणि तलवार विकत न घेता घरीच बनवायची होती. “मामू, तुम्ही मदत करा, बस्.”

माझ्या अम्मीनं चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “बनाव बाबा, पन रस्ते पो खुली नको लेके जाव.”

मी काही बोललो नाही. मात्र त्या वाक्यानं मला एकदम १९८९ साल आठवलं. मी पाचवीत होतो. दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘महाभारत’ लागायचं. २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालेली ती मालिका २४ जून १९९० पर्यंत चालली. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरात, आणि बसायला जागा मिळवायची तर वेळेआधी जावं लागे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला भीम मिळाला. कारण एकच, वर्गात मी सगळ्यात जाड होतो.

गदा बनवून दिली मोहल्ल्यातल्या एका चाचांनी. हे चाचा मोहरममध्ये ताबूत बांधायचे. बांबूच्या कामट्या तासून, वाकवून, सुतळीनं बांधून ते ताबुताचा घुमट उभा करत. तोच घुमट त्यांनी लहान केला, एकावर एक उलटा बसवला आणि गदेचा गोळा तयार झाला. त्यावर रद्दी वर्तमानपत्रांचे थर, मैद्याची खळ, खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. वाळल्यावर सोनेरी बेगड. मोहरममधून उरलेला बेगड होता तो. गोळा माझ्या डोक्याहून मोठा झाला. मास्तर म्हणाले, जरा लहान करा. चाचा म्हणाले, “मागं बसलेल्याला दिसायला नको का?”

पुढे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवायला लागल्यावर मला चाचांच्या या उत्तराचा अर्थ कळत गेला. फारसी-उर्दूत गदेला गुर्ज म्हणतात. मोगल दरबारात गुर्जबरदार नावाचे हुजुरातले विश्वासू लोक असत. बादशहाचे हुकूम दूरच्या सरदारांपर्यंत नेणं हे त्यांचं काम. लढाईत वापरायचा खरा गुर्ज तुम्ही एखाद्या संग्रहालयात पाहिला असेल तर थोडी निराशाच झाली असेल. लोखंडी दांडा, टोकाला मुठीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा पाकळ्यांचा गोळा, वजन साधारण दीड-दोन किलो. घोड्यावर बसून तासन् तास फिरवायचं हत्यार याहून जड असून चालणारच नाही. चिलखतावर तलवार घसरते, गुर्ज चिलखतासकट हाड मोडतो. त्याला आकार नको, नेम हवा.

मोठा झाला तो गोष्टीतला गुर्ज. फिरदौसीच्या ‘शाहनामा’त (हा ग्रंथ १०१० साली पुरा झाला) जुलमी जह्हाकशी लढायला निघालेला फरीदून लोहारांना बोलावतो आणि जमिनीवर रेघा ओढून त्यांना हवा तो आकार दाखवतो: गुर्जाच्या टोकाला बैलाचं डोकं. हत्यार बनवण्याआधी मापं-आकार काढून देणारा हा माझ्या माहितीतला सगळ्यात जुना नायक. माझा भाचा त्याच परंपरेतला म्हणायचा! आणि दास्तान-ए-अमीर हमजात तर हिंदुस्तानचा राजा लंधौर आहे. हत्तीवर बसतो, अजस्र गुर्ज फिरवतो. हमजाशी लढतो, हरतो आणि मग जन्मभराचा दोस्त होतो. ऐकणाऱ्यांनी लंधौरवर अतोनात प्रेम केलं. अकबरानं हीच दास्तान कापडावर चितारून घेतली. सुमारे १४०० मोठाली चित्रं, जवळजवळ १५ वर्षांचं काम. मजकूर चित्रांच्या पाठीमागे लिहिलेला, म्हणजे चित्र समोर धरायचं आणि गोष्ट सांगायची. तिथंही मागं बसलेल्याला दिसायला हवंच होतं.

भीमाची गदा आणि लंधौरचा गुर्ज, नाव वेगळं, हत्यार एकच. आमच्या रविवारच्या ‘महाभारता’चे संवाद गाजीपूरच्या राही मासूम रजांनी लिहिले होते. अर्जुन झाला होता फिरोज खान, आणि पुढे त्यानं अर्जुन हेच नाव लावलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची गरजही पडली नाही. गॅदरिंगच्या दिवशी गदा खांद्यावर टाकून मी भर बाजारातून शाळेत चालत गेलो. हळदीच्या आडतीवरचे हमाल “ए भीमा!” म्हणून हाका मारत होते. अम्मी दारात उभी राहून बघत होती. झाकून ने, असं तिला तेव्हा सुचलं नव्हतं.

आता तलवारीचं. पहिली आम्ही थर्माकोलची केली आणि फसलो. स्प्रे रंग मारला आणि पातं डोळ्यांदेखत विरघळत गेलं, कारण त्या रंगातलं द्रावण थर्माकोल खातं. दुसऱ्यांदा लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या फोमच्या चटया आणल्या. मधे पीव्हीसी पाइप, दोन्ही बाजूंनी फोम, चिकटवायला चपला जोडायचं सोल्युशन. मग हीट गनची धग दिली. धगीनं फोमची छिद्रं मिटतात, रंग आत मुरत नाही. चार दिवस गेले. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तर भरली १ किलो ६०० ग्रॅम. खऱ्या गुर्जाइतकी!

एका रात्री मी शस्त्र कायद्याचे नियमही वाचून काढले. त्यात धारदार शस्त्रं आहेत, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे. आमचं पातं ६० इंच लांब आणि १० इंच रुंद, पण त्यानं टोमॅटोही कापला जाणार नाही. पाचवीतल्या भीमाच्या बापानं असलं काही वाचलं नव्हतं.

तलवारीचे तीन तुकडे केले, जुन्या चादरीत गुंडाळले. स्टँडवर एका पोलिसानं विचारलंच, “काय आहे त्यात?” भाच्यानं लगेच चादर सोडली. पोलिसानं अंगठ्यानं पातं दाबलं, फोम आत गेला, परत वर आला. पोलीस हसला. “नाटकाचं आहे व्हय? जा, जा.” बस सुटली तेव्हा भाचा खिडकीतून शेजारच्या पोराला क्लाउडची गोष्ट सांगत होता. मी फलाटावर उभा होतो, आणि फोमची, रंगाची, पाइपाची बिलं अजून माझ्या हातात होती.