भाद्रपद पौर्णिमा ते दिवाळीची सुट्टी : आपल्या शाळेतल्या कलेचा इतिहास

स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा संस्थापक, इमारत, निकाल आणि मैदान हे विषय आधीच वाटले गेले होते. म्हणून मी वर्षाचा एक तुकडा निवडला. भाद्रपद पौर्णिमेपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे जेमतेम दीड महिन्याचे दिवस. आपल्या बॅचला आठवत असेल, या दिवसांत सूचना वहीचे फेरे वाढत. शिपाईकाका दारात उभे राहत, बाई शिकवणे थांबवून वही वाचत, सही करत आणि वही पुढच्या वर्गाकडे जाई. सहामाहीचे वेळापत्रक, पाटीपूजनाला काय आणायचे, ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेचे केंद्र, भुलाबाईचा कार्यक्रम, कोजागिरीच्या दुधाचे पैसे आणि शेवटी सुट्टी कधीपासून. जवळजवळ प्रत्येक सूचनेच्या शेवटी "घरी सांगा" असे असायचेच.

या सूचनांमधला प्रत्येक कार्यक्रम वेगळ्या काळातून आणि वेगळ्या कारणाने शाळेत आला आहे. तो कसा आला, ते या लेखात सांगायचे आहे.

सगळ्यात जुना थर शाळेच्याही आधीचा, म्हणजे घरचा आहे. विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, उठते. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्याची किंवा हादग्याची ही बहीण. मातीची भुलाबाई आणि भुलोजी, ज्वारीच्या धांड्यांचा मखर, टिपऱ्या, गाणी आणि झाकून आणलेला खाऊ ओळखायचा खेळ. या महिनाभरात मुलगी मूर्ती सजवते, मखर बांधते, ताल धरते, पाठांतर करते आणि डबा हलवून आतल्या पदार्थाचा अंदाज बांधते. मूर्तिकाम, रचना, संगीत आणि नाट्य अशी नावे कुणी त्याला दिली नव्हती एवढेच. आपल्या शाळेतल्या बाईंनी भुलाबाई गल्लीतून पटांगणात आणली, त्यात नवीन काही घुसवले नाही. फक्त ज्यांच्या घरी भुलाबाई बसत नव्हती, त्या मुलींनाही टिपऱ्या हातात मिळाल्या. ही गोष्ट लहान नाही.

दुसरा घरचा थर दसऱ्याच्या पाटीपूजनाचा. पाटीवर एक हा आकडा पुन्हापुन्हा काढून सरस्वती उभी करायची. चित्र काढणे आणि आकडा गिरवणे या दोन गोष्टी त्या पाटीवर वेगळ्या नव्हत्या. पहिलीतल्या मुलाला जेमतेम येणाऱ्या आकड्यातून देवीची आकृती होते, हे ज्याने पहिल्यांदा केले तो मोठा शिक्षक असला पाहिजे.

आता बाहेरून आलेला थर. त्यासाठी खामगावच्या कापसाकडे वळावे लागेल. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ होती. इतकी, की मुख्य रेल्वेमार्गावरच्या जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला इथे आले. आपण ज्या गाडीने जलंबला जाऊन मोठी गाडी पकडायचो, तिचा रूळ कापसाच्या गाठींसाठी पडलेला आहे.

त्याच काळात इंग्रज सरकार या देशात चित्रकलेचे शिक्षण आणत होते. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. त्यामागच्या हेतूंपैकी एक अगदी व्यवहारी होता. इथल्या कारागिरांच्या हाताला मोजून-मापून काढण्याची शिस्त लागावी आणि त्यांच्या मालाला बाजार मिळावा. म्हणून शाळेतल्या चित्रकलेत भूमिती आली, नक्षी आली, समोर ठेवलेल्या वस्तूचे हुबेहूब चित्र आले. मुलाला काय वाटते हा प्रश्न त्यात नव्हता. हात स्थिर आहे का, एवढाच होता.

आपण दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा या परंपरेतल्या आहेत. वऱ्हाड त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हता. १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला. राज्याचे कला संचालनालय १९६५ सालचे. आपल्या वेळी ग्रेड परीक्षा तेच घ्यायचे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही नावे वाचल्यावर अनेकांना पोस्टर कलरचा वास आला असेल. आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या स्मरणचित्रात बाजार, यात्रा नाहीतर देवीची मिरवणूक असायची, आणि माणसांचे पाय काढता येत नाहीत म्हणून पुढे एक हातगाडी उभी केलेली असायची.

पण शाळेतली कला फक्त परीक्षेपुरती राहिली नाही, याचे श्रेय दुसऱ्या एका चळवळीला जाते. १९२० च्या नागपूर काँग्रेसने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले आणि सरकारी शाळांवर बहिष्काराची हाक दिली. लोकमान्य टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले होते. मग ठिकठिकाणी त्यांच्या नावाने राष्ट्रीय शाळा उभ्या राहिल्या. आपल्या गावातले टिळक राष्ट्रीय विद्यालय याच परंपरेतले. जुनी माणसे त्याला नुसते "राष्ट्रीय शाळा" म्हणतात. चित्रकार पंधे गुरुजींचे नाव या शाळेशी जोडलेले आहे. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे फक्त देशभक्तीची भाषणे नव्हेत, मुलाच्या हाताला कला आणि उद्योग मिळाला पाहिजे, असा तो विचार होता. गावात एका शाळेने हे धरून ठेवले की इतर शाळांवरही त्याचा परिणाम होतो. चित्रकला शिकवणारा माणूस गावात प्रतिष्ठेचा ठरतो.

याच सुमारास तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकूर शाळेचे वर्ष ऋतूंना बांधत होते. शांतिनिकेतनची शाळा १९०१ साली पाच मुलांवर सुरू झाली. १९०८ साली रवींद्रनाथांनी शाळेतल्या मुलांसाठी 'शारदोत्सव' हे नाटक लिहिले. पूजेच्या सुट्टीआधी महालयेच्या दिवशी तिथे आनंदबाजार भरतो. मुले स्वतः केलेल्या वस्तू आणि खाद्यपदार्थ विकतात, घरची माणसे विकत घेतात. सुट्टीआधीचा शेवटचा दिवस आई-वडिलांनी शाळेत यायचा, ही कल्पना आपल्याला ओळखीची वाटेल.

आपल्या जवळ घडलेल्या दोन घटनाही सांगायला हव्यात. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी त्याची सजावट केली, तीही बांबू आणि तिथल्या परिसरातल्या साध्या साहित्यातून. महागडे काही नसताना सुंदर काम करता येते, हे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. टकळी शाळेत आली ती या वाटेने. कापसाच्या गावातल्या मुलांना कापूस नवा नव्हता. पण आतापर्यंत तो गाठीत बांधून बाहेर जात होता. आता तो त्यांच्याच बोटांतून सूत होऊन निघाला.

आपल्या वेळी याचेच नाव कार्यानुभव झाले होते. आकाशकंदील, भेटकार्डे, मातीच्या पणत्या हे सगळे त्या तासाला. दसऱ्यानंतर पऱ्हाटीची बोंडे फुटली की खेड्यातून येणाऱ्या मुलांची हजेरी कमी व्हायची. घरच्या वेचणीला हात लागायचे. आमच्या कार्यानुभवाच्या सरांनी ती मुले परत आल्यावर त्यांना वर्गापुढे उभे करून बोंडातून सरकी सोडवायला लावल्याचे मला आठवते. बाकीच्यांना ते जमत नव्हते. एरवी मागच्या बाकावर बसणारी मुले त्या दिवशी शिकवत होती.

आणि मग कोजागिरी. ज्येष्ठ मुलाला घरी ओवाळायचे, दूध आटवायचे, भुलाबाईला निरोप द्यायचा. बाकी महाराष्ट्रात देवी दसऱ्याला उठते. आपल्याकडे जलालपुऱ्यातल्या मोठ्या देवीचा, जगदंबेचा, शांती उत्सव कोजागिरीपासून सुरू होतो. बाहेरगावच्या मित्रांना हे समजावताना आपण प्रत्येकानेच दमछाक अनुभवली असेल. या उत्सवामुळे खामगावच्या शाळांना एक मोठा फायदा झाला. गावात आरास, देखावे, रंगकाम आणि मूर्तिकाम चाललेले असे आणि मुलांना ते जाता-येता, फुकट, जवळून बघायला मिळे. हे आपले कलादालनच होते.

हे तीन थर एकावर एक बसून आपला तो दीड महिना तयार झाला. घरच्या सणांनी त्यात सगळ्यांना सामील करून घेतले, सरकारी परीक्षेने शिस्त लावली, राष्ट्रीय शिक्षणाने हाताने केलेल्या कामाला मान दिला. यातला एक थर काढला तर बाकीचे दोन पांगळे होतात. नुसती परीक्षा राहिली तर चित्रकला ही गुणांची शिकवणी होते. नुसते सण राहिले तर ते फोटोपुरते उरतात.

आज नेमके हेच होण्याची भीती आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा दहावीपर्यंत सक्तीचा विषय असावा असे म्हटले. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही पटसंख्या शंभराच्या वर असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अर्धवेळ निदेशक एवढीच तरतूद आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी तेवढीही नाही. पूर्णवेळ कलाशिक्षक निवृत्त झाला की त्याच्या जागी तसाच दुसरा येईल याची खात्री राहिलेली नाही. दुसरीकडे ग्रेड परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळू लागले. म्हणजे शिक्षक कमी झाले आणि परीक्षार्थींचे कारण वाढले. २०२० मध्ये कोरोनामुळे ही परीक्षा झालीच नाही, तेव्हा पालकांची चर्चा बुडालेल्या गुणांची होती. बुडालेल्या चित्रांबद्दल फारसे कुणी बोलले नाही.

या संमेलनाच्या निमित्ताने आपली बॅच शाळेला भेट देणार आहे. आपल्या गटावर संगणक, डिजिटल फळा अशा सूचना आल्या आणि मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे "यादी तूच कर" असेही सांगण्यात आले. यादी मी केली आहे, पण वेगळी. संगणकाचे काम मी वीस वर्षांहून जास्त काळ करते आहे. तिथे लागणारी गोष्ट, म्हणजे समोरची वस्तू नीट बघणे, तिचे भाग करणे आणि ते कागदावर मांडणे, ही मला ड्रॉइंगच्या तासाला मिळाली. यंत्र पाच वर्षांनी जुने होईल. त्याला पैसे द्यायला सरकार आणि कंपन्याही पुढे येतात. पहिली ते पाचवीच्या कलाशिक्षकाला मात्र कुणी पुढे येत नाही.

म्हणून संमेलनाच्या सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, प्राथमिक वर्गांसाठी एका कलाशिक्षकाचे मानधन आपण पुढची पाच वर्षे मिळून द्यावे. दोन, रंग, कागद, माती आणि टिपऱ्या यांचे एक कपाट असावे आणि त्याला कुलूप नसावे. तीन, दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार पालकांचा असावा. मुलांनी केलेले कंदील, पणत्या, मखर मांडावेत, भुलाबाईचा फेर धरावा, आणि वेचणीमुळे महिनाभर न आलेल्या मुलालाही त्यात काहीतरी करून दाखवण्याची जागा असावी. त्या दिवशी सुट्टीला गावी आलेल्या आपल्यापैकी कुणीही यावे.

आपल्या चित्रकलेच्या सरांनी आणि बाईंनी हे लिखाण वाचावे आणि चुकलेमाकले सभेत सांगावे, ही विनंती. मित्रमैत्रिणींनी खिशाचा विचार करून यावे. आणि ज्यांच्याकडे तेव्हाची चित्रे, ग्रेडची प्रमाणपत्रे किंवा कार्यक्रमांचे फोटो असतील त्यांनी ती सोबत आणावीत. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरची भिंत त्यासाठी रिकामी करून देण्याचे शाळेने कबूल केले आहे.