म्यानमारचा ‘आसियान’ प्रवेश : विरोध आणि त्यानंतरची वाटचाल

आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या ‘आसियान’ या संघटनेने २३ जुलै १९९७ रोजी म्यानमारला सदस्यत्व दिले. निवडणुकीचा कौल नाकारणाऱ्या लष्करी राजवटीला प्रादेशिक संघटनेत स्थान द्यावे काय, हा प्रश्न त्या वेळी मोठ्या वादाचा विषय झाला होता. विरोध करणाऱ्यांची बाजू तेव्हा पराभूत झाली. मात्र त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न पुढे अनेक वर्षे या संघटनेपुढे उभे राहिले.

मराठी वाचकाला हा देश अपरिचित नाही. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळातील कारावास मंडाले येथे भोगला, तर ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याने रत्नागिरीत स्थानबद्धतेत १९१६ साली देह ठेवला. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता.

पार्श्वभूमी

जनरल ने विन यांनी २ मार्च १९६२ रोजी सत्ता हस्तगत केली, तेव्हापासून ब्रह्मदेशावर लष्कराची पकड राहिली. १९८८ मधील लोकशाहीवादी उठाव बळाचा वापर करून चिरडण्यात आला आणि १८ सप्टेंबर रोजी नव्या लष्करी परिषदेने कारभार हाती घेतला. देशाचे ‘म्यानमार’ हे नाव १९८९ मध्ये याच परिषदेने रूढ केले. २७ मे १९९० रोजी झालेल्या निवडणुकीत नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. परंतु लष्कराने सत्ता सोडली नाही. पक्षाच्या नेत्या आंग सान सू की जुलै १९८९ पासून सहा वर्षे नजरकैदेत होत्या. याच काळात, १९९१ मध्ये, त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

विरोध आणि समर्थन

सू की यांनी आपल्या देशाला एवढ्यात सदस्यत्व देऊ नये, असे आवाहन ‘आसियान’ला केले. सदस्यत्वामुळे राजवटीला प्रतिष्ठा मिळेल आणि दडपशाही अधिक निर्धास्त होईल, असे लोकशाहीवाद्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९९६ मध्ये बँकॉक येथे विविध देशांतील कार्यकर्त्यांनी ‘अल्टरनेटिव्ह आसियान नेटवर्क ऑन बर्मा’ हे व्यासपीठ स्थापन केले. युरोपीय संघाने मार्च १९९७ मध्ये वेठबिगारीच्या कारणास्तव म्यानमारच्या व्यापारी सवलती काढून घेतल्या. मे महिन्यात अमेरिकेने नव्या गुंतवणुकीवर बंदी घातली आणि ‘आसियान’नेही प्रवेश रोखावा, असा आग्रह धरला.

मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद हे प्रवेशाचे प्रमुख समर्थक होते. बहिष्कारापेक्षा संवादाने बदल घडतो, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद होता. एकट्या पडलेल्या म्यानमारवर चीनचा प्रभाव वाढेल, ही चिंताही त्यामागे होती. थायलंड व फिलिपिन्समध्ये काहीशी साशंकता होती. तरीही ३१ मे १९९७ रोजी क्वालालंपूर येथील बैठकीत परराष्ट्रमंत्र्यांनी म्यानमार, लाओस व कंबोडिया या तिन्ही देशांना प्रवेश देण्याचे ठरविले.

यानंतर जुलैच्या पहिल्या आठवड्यात कंबोडियात हुन सेन यांनी बळाने सत्ता काबीज केली आणि त्या देशाचा प्रवेश लांबणीवर पडला. तो अखेर ३० एप्रिल १९९९ रोजी झाला. बळाच्या वापराचे कारण देऊन एका देशाला थांबविणाऱ्या संघटनेने बळानेच सत्तेवर आलेल्या दुसऱ्या राजवटीला मात्र त्याच महिन्यात सदस्य करून घेतले.

प्रवेशानंतर

प्रवेशापूर्वी दबाव आणणे ‘आसियान’ला शक्य होते. प्रवेशानंतर ती ताकद ओसरली. संघटनेचे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि परस्परांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे हे तिचे मूळ तत्त्व आहे. डिसेंबर २००८ मध्ये लागू झालेल्या सनदेत लोकशाही व कायद्याच्या राज्याचा उल्लेख आहे. पण सदस्याला निलंबित करण्याची वा काढून टाकण्याची स्पष्ट तरतूद नाही. आफ्रिकी संघाच्या नियमांत घटनाबाह्य मार्गाने सत्ता घेणाऱ्या सरकारला निलंबित करण्याची तरतूद आहे. राष्ट्रकुलानेही लष्करी उठावानंतर १९९९ मध्ये पाकिस्तानला निलंबित केले होते.

त्यामुळे ‘आसियान’ने आडवळणाचे मार्ग शोधले. २००६ चे अध्यक्षपद म्यानमारने इतर सदस्यांच्या नाराजीनंतर सोडले. राजकीय सुधारणांच्या काळात, २०१४ मध्ये, ते त्याच्याकडे आले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतल्यावर २४ एप्रिल रोजी जकार्ता येथे पाच कलमी सहमती झाली. हिंसाचार थांबविणे व सर्व पक्षांत संवाद सुरू करणे ही त्यातील कलमे अमलात आली नाहीत. परिणामी ऑक्टोबर २०२१ च्या शिखर परिषदेपासून लष्करप्रमुख मिन आंग लाईंग यांना वगळण्यात आले. २०२६ चे अध्यक्षपदही म्यानमारऐवजी फिलिपिन्सकडे सोपविण्यात आले. सदस्यत्व मात्र कायम राहिले.

भारताची भूमिका

म्यानमारशी सुमारे १,६४३ किलोमीटरची सीमा असलेल्या भारतापुढेही हाच पेच होता. भारताने सू की यांना १९९३ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला. पुढे ईशान्येतील बंडखोरी, सीमेची सुरक्षा आणि पूर्वेकडील व्यापार लक्षात घेऊन लष्करी राजवटीशी संबंध वाढविले. भारत संस्थापक सदस्य असलेल्या आणि आज ‘बिमस्टेक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेत म्यानमार डिसेंबर १९९७ मध्येच दाखल झाला. ‘आसियान’ने शिखर परिषदांतून वगळलेले मिन आंग लाईंग एप्रिल २०२५ मध्ये याच संघटनेच्या बँकॉक परिषदेला उपस्थित होते.

तिमोर-लेस्तेचे उदाहरण

लोकशाही देश तिमोर-लेस्ते २६ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘आसियान’चा अकरावा सदस्य झाला. त्याने २०११ मध्ये अर्ज केला होता. म्हणजेच त्याला १४ वर्षे वाट पाहावी लागली. म्यानमारमधील लोकशाहीवादी पर्यायी सरकारशी संपर्क ठेवल्यामुळे तेथील लष्करी राजवटीने ऑगस्ट २०२३ मध्ये तिमोर-लेस्तेच्या राजनैतिक प्रतिनिधीला देश सोडण्यास सांगितले होते. सर्वसहमतीच्या नियमामुळे नव्या सदस्याच्या प्रवेशाला त्या राजवटीचीही संमती महत्त्वाची ठरते. १९९७ मध्ये जिच्या प्रवेशाबद्दल वाद झाला, त्या राजवटीच्या वारसांना इतरांच्या प्रवेशाबाबत मत देण्याचा अधिकार त्याच निर्णयाने मिळाला होता.