फोटू

भाचीचा परवा मेल आला. तिकडे अमेरिकेत देशी दुकानात तिला आंब्याची पेटी मिळाली, वर छापलं होतं 'अल्फान्सो मँगो'. तिच्या लेकाचा प्रश्न : आपण तर हापूस आंबा म्हणतो, मग हे दोन-दोन 'ओ' आले कुठून? उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकावं. बाकीच्या मंडळींनाही शिक्षा.

तर, त्या दोन ओंपैकी एक अस्सल आहे आणि एक बनावट.

अल्फान्सोतला अस्सल. अफोंसो हे पोर्तुगीज माणसाचं नाव. १५१० साली गोवा घेणारा अफोंसो द अल्बुकर्क, त्याच्यावरून आंब्याला ते पडलं असं मानतात. मँगोतला ओ मात्र इंग्रजांनी घरी बनवलेला. मूळ शब्द दक्षिणेतला, मल्याळम-तमिळकडचा. पोर्तुगीजांनी तो उचलून 'मांगा' केला, आणि इंग्रजीत जाता जाता त्याला शेवटी ओ चिकटला. हीच गत बटाट्याची. कॅरिबियन बेटांवरचा मूळ शब्द 'बटाटा', म्हणजे रताळं. स्पेन-पोर्तुगालमार्गे तो आपल्याकडे जवळजवळ जसाच्या तसा आला, इंग्रजीत त्याचा 'पोटॅटो' झाला. मेक्सिकोतलं 'तोमात्ल' स्पॅनिशमध्ये 'तोमाते' झालं, आणि इंग्रजीत पोटॅटोच्या संगतीनं 'टोमॅटो'. स्पेन-पोर्तुगालकडून आलेला पाहुणा म्हटला की त्याच्या डोक्यावर ओची टोपी हवीच, अशी इंग्रजांची समजूत असावी. नसली तर ते स्वतः घालत.

आणि आपण? आपण होती ती टोपीसुद्धा दारातच काढून घेतली. अफोंसोचा हापूस केला. 'त्रोंको' म्हणजे झाडाचा बुंधा, आणि कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडाही. त्याचा आपला तुरुंग. 'कार्तुशो'चं काडतूस. 'तबाको'ची तंबाखू. पाव आणि लिलाव या दोन्ही शब्दांच्या पोर्तुगीज स्पेलिंगात शेवटचं अक्षर ओ आहे, तेही नाकातलं. आपण त्याचा सरळ 'व' करून टाकला.

हे का झालं याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. एक कारण सोपं आहे. पोर्तुगीज माणूस शेवटचा ओ लिहितो, पण बोलताना तो 'उ'सारखा म्हणतो. अफोंसु, तबाकु. आपल्या लोकांनी ऐकला तो उ. तंबाखूत तो अजून बसलेला आहे, हापूसमध्ये गळाला. दुसरं कारण आपल्याच घरातलं. यादवकाळच्या मराठीत देवो, रावो, ठावो अशी रूपं सर्रास होती. म्हणजे ओ आपल्याकडेही होता. मराठीनं तो हळूहळू टाकला. स्वतःचा ओ टाकलेली भाषा परक्याचा कशाला सांभाळेल? कोकणी-मालवणीनं मात्र ठेवला : घोडो, आंबो. गोव्याकडचा महामार्ग आमच्या पनवेलपासूनच सुरू होतो, त्यामुळे मे महिन्यात एसटी स्टँडवर नुसतं उभं राहिलं तरी 'आंबो' आणि 'आंबा' दोन्ही कानावर पडतात. (आंबो आणि मँगो यांचं शेवटचं अक्षर जुळतं तो निव्वळ योगायोग. यावरून कुणी थोर सिद्धान्त मांडू नये, मी एकदा मांडला होता.)

पण मुख्य गोष्ट ही की हे शब्द पुस्तकातून आलेच नाहीत. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे, चौल-रेवदंडा १७४० पर्यंत, उरणजवळचं करंजाही बराच काळ त्यांचंच. पनवेल त्या सगळ्याच्या मधोमध, खाडीवरचं व्यापारी गाव. शब्द आले ते मालाबरोबर, बाजारातून, कानानं. स्पेलिंग कुणी पाहिलंच नव्हतं.

इंग्रजी शब्द आले ते पाटीवरून, पुस्तकातून, डोळ्यानं. म्हणून फोटो, रेडिओ, किलो हे ओसकट आले आणि तसेच बसून राहिले. आंब्याला विभक्ती लावली की तो वाकतो : आंब्याचा, आंब्याला, आंबे. फोटो वाकत नाही. फोटोचा, फोटोला. एक फोटो, दहा फोटो. ओनं संपणाऱ्यांपैकी अनेकवचनात बदलून दाखवणारी ठळक एकच, बायको. तिच्या बायका होतात. (घरात हे वाचलं जाणार आहे याची मला कल्पना आहे.)

पनवेलचा स्वतःचा ओकारान्त शब्द कोणता, तर सिडको. मार्च १९७० मध्ये ही कंपनी निघाली आणि शब्द आला तो सरळ कागदावर छापून. शेवटचा 'को' म्हणजे नावातल्या कॉर्पोरेशनची पहिली दोन अक्षरं. जुनी माणसं 'शिडको' म्हणत, पण ओ कुणी मोडला नाही. कदाचित बायको, धनको, ऋणको अशी 'को'वाली मंडळी मराठीत आधीच होती म्हणून. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शब्दानं घ्यायला काढल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. यात धनको कोण आणि ऋणको कोण, हे ज्यानं त्यानं आपल्या सातबाऱ्याकडे बघून ठरवावं.

असो. हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे.

आजी 'फोटू' म्हणायची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. फोटू, टमाटं. शाळेत ती कधी गेलीच नव्हती. मी सातवीत असताना पनवेलच्या एका स्टुडिओत आम्ही सगळे फोटो काढायला गेलो होतो, ती नवी नऊवारी नेसून आली होती. फोटोग्राफरला म्हणाली, "बाबा, फोटू बरा येऊ दे." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "फोटू नाही गं आजी, फोटो." वर स्पेलिंगही म्हणून दाखवलं. सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर माझ्यासमोर तिनं तो शब्द वापरला नाही. "ते भिंतीवरचं" म्हणायची, "तो कागद" म्हणायची.

आता कळतं की तबाकोची तंबाखू ज्यांनी केली, त्यांच्या पद्धतीनंच ती बोलत होती. कानाला जे बसेल ते घ्यायचं, आपल्या जिभेला वळवून. तिचा फोटू टिकला असता तर बाजू-बाजूला, विंचू-विंचवाला यांच्या रांगेत मुकाट बसला असता. चुकत होतो मी. पण माझ्याकडे स्पेलिंग होतं.

त्या दिवशी काढलेली प्रत आमच्याकडे नाही. घर बदलताना कुठेतरी गेली. मधोमध आजी बसलेली, मागे पडद्यावर रंगवलेला जिना, डावीकडे मी, भांग पाडलेला. पुण्याच्या काकांकडे किंवा पेणला एखाद्या ट्रंकेत असेल तर कृपया स्कॅन करून पाठवा.