खामगावची तार आणि स्विचमधली जागा

इ.स. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटासा फाटा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा फाट्याला एवढा मोठा पाहुणा येण्याचे कारण म्हणजे वऱ्हाडचा कापूस. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन ही शहरे सुएझमार्गे समुद्राखालच्या तारेने जोडली गेली, आणि विलायतेतला कापसाचा भाव कळायला आगबोटीची वाट पाहण्याची गरज उरली नाही.

पण तारा मोजक्या आणि निरोप पुष्कळ. कोणाचा निरोप आधी जाणार? तारखात्याने निरोपांचे वर्ग पाडले. सरकारी तारा वेगळ्या. खासगी तारांमध्ये तातडीची, साधी आणि सवडीची असे प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होते. तातडीला पैसे जास्त. वर्गाची खूण मथळ्यातच असल्यामुळे वाटेतल्या तारमास्तरांना मजकूर वाचून तातडी ठरवावी लागत नसे. पुढे ट्रंक कॉलच्या काळात ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ हे शब्द आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाले. ज्येष्ठ शिक्षकांना ते आठवत असतील.

संगणकांच्या जाळ्यात निरोपाचे तुकडे करून पाठवतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात, आणि ती योग्य वाटेला लावणारे यंत्र म्हणजे स्विच. इंटरनेटचा मूळ नियम १९८१ साली लिहिला गेला, तेव्हा प्रत्येक पॅकेटच्या मथळ्यात अग्रक्रमासाठी तीन बिट राखून ठेवले होते, म्हणजे एकूण आठ पायऱ्या. त्यांची ‘रूटीन’, ‘प्रायॉरिटी’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ ही नावे सरळ लष्करी संदेशांच्या पद्धतीतून उचललेली आहेत. अडचण अशी की इथे तातडीला पैसे पडत नव्हते. खूण फुकट असेल तर कोणीही ती लावू शकतो! मग पाठवणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता पॅकेट कोणाचे, कोठले आणि कशाचे हे स्विचनेच तपासणे आले.

यात दोन कामे आहेत: पॅकेट ओळखून योग्य रांगेत लावणे, आणि रांगांना न्यायाने पुढे सोडणे. दुसऱ्या कामाचा एक सुंदर उपाय १९९५ साली एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी मांडला. वर्गीस हे पवईच्या आयआयटीचे १९८१ सालचे पदवीधर. प्रत्येक रांगेला दर फेरीत ठरावीक वाटा द्यायचा, आणि पुढचे पॅकेट त्यात बसत नसेल तर उरलेला वाटा पुढच्या फेरीसाठी तिच्या खात्यावर ठेवायचा. हिशेब इतका सोपा की यंत्राला तो चटकन जमतो.

ओळखण्याचे काम मात्र महाग पडले. त्यासाठी स्विचमध्ये ‘टीकॅम’ नावाची खास स्मृती असते. नेहमीच्या स्मृतीला आपण जागेचा क्रमांक देतो आणि ती तिथला मजकूर सांगते. इथे उलटे आहे: मजकूर द्यायचा आणि तो कोणत्या ओळीत आहे हे स्मृतीने सांगायचे. तेही सगळ्या ओळी एकाच वेळी तपासून. शिवाय हिच्या प्रत्येक घरात ०, १ किंवा ‘काहीही चालेल’ अशा तीन अवस्था असू शकतात. तिसरी अवस्था आपण * ने दाखवू. या सोयीची किंमत जबर आहे. नेहमीच्या वेगवान स्मृतीत एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर लागतात, इथे साधारण सोळा. आणि प्रत्येक शोधात सगळ्या ओळी जाग्या होत असल्याने वीजही बरीच खर्च होते. म्हणून ओळी मोजक्याच मिळतात, आणि त्या वाट शोधणे, मज्जाव करणे व अग्रक्रम देणे या सगळ्यांत वाटून घ्याव्या लागतात.

आता गणित पाहू. चार बिटांत ० ते १५ या संख्या बसतात. ‘१ ते १४’ हा नियम लिहायचा तर ०००१, ००१*, ०१**, १०**, ११०*, १११० अशा सहा ओळी लागतात. ‘० ते १५’ ला मात्र  **** ही एकच ओळ पुरते. विद्यार्थ्यांना ‘५ ते १२’ देऊन पाहावे. चार ओळी आल्या पाहिजेत.

पॅकेट कोणत्या कामाचे आहे हे सांगणारा ‘पोर्ट’ क्रमांक सोळा बिटांचा असतो. आवाजाच्या पॅकेटांसाठी अनेक ठिकाणी १६३८४ ते ३२७६७ असा पल्ला वापरतात. आकडे विचित्र दिसतात, पण द्विमान पद्धतीत हा पल्ला म्हणजे आरंभी ०१ आणि पुढे चौदा वेळा *. एकच ओळ! कोणी ‘सोयीसाठी’ १६००० ते ३३००० असा गोल पल्ला लिहिला, तर आठ ओळी जातात. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, अशा दोन्ही पोर्टांना तोच पल्ला लावला तर आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट. स्विचने अठ्ठेचाळीस जोडण्यांसाठी या नियमाच्या स्वतंत्र प्रती ठेवल्या तर ३०७२. माणसाच्या दृष्टीने नियम अजून एकच आहे.

ओळी संपल्या की काही स्विच नवा नियम नाकारतात. काही तो साध्या प्रक्रियकाकडे सोपवतात, आणि हे मला अधिक घातक वाटते. नियम लागू झालेला दिसतो, पण प्रक्रियकाला तो वेग झेपत नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयातून तज्ज्ञाशी चाललेले बोलणे तुटू लागते, आणि दोष तारेला दिला जातो.

नियम सर्व जोडण्यांनी मिळून एकदाच वापरणे आणि पल्ले दोनाच्या घातांवर बेतणे हे उपाय आहेतच. खरी सुटका १९९८ साली ठरलेल्या पद्धतीने झाली. पॅकेट जाळ्यात शिरते त्या काठावरच्या स्विचने एकदाच कसून तपासणी करायची आणि मथळ्यात सहा बिटांची खूण लिहायची. पाठवणाऱ्याने आधी काही खूण लावली असेल तर ती पुसून टाकता येते. आतले स्विच फक्त ती खूण पाहतात. सहा बिट म्हणजे फार तर चौसष्ट प्रकार, मग जाळे केवढेही असो. वाटेतल्या तारमास्तरांचे काम याच रीतीने हलके झालेले होते.